फुली म्हणजे होय

जळगावात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच या वेळात कोणताही शहाणा माणूस उष्णता निर्माण होईल असं काम करत नाही. पारा 45 च्या पुढे गेलेला असतो. फुले मार्केटमधला दुकानदार गल्ल्यावर डोकं टेकून झोपलेला असतो, आणि 'तुमच्यापेक्षा आमच्याकडे जास्त' हे अभिमानानं सांगायलासुद्धा भुसावळचे पाहुणे फोन करत नाहीत. नेमक्या या वेळात मी घरी बसून सॉफ्टवेअर कंपाइल करतो.

कंपाइल करणं म्हणजे माणसांनी लिहिलेला प्रोग्रामचा मजकूर यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवणं. हे काम दुसऱ्या कोणीतरी, बहुधा थंड देशात, आधीच करून ठेवलेलं असतं. त्याचं तयार पॅकेज फुकट मिळतं आणि एका आज्ञेत उतरवून घेता येतं. तरीही ते घरीच बांधायचं असा हट्ट धरणाऱ्यांची एक जमात जगात आहे. निवृत्तीनंतर मी तिच्यात दाखल झालो.

माझ्या संगणकावर फ्रीबीएसडी आहे. युनिक्सच्या घराण्यातली ही एक शाखा, जन्म 1993 चा. पुढच्याच वर्षी, 1994 साली, जॉर्डन हबर्ड यांनी तिच्यात 'पोर्ट्स' नावाची सोय केली. प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक फोल्डर, आणि त्यात ते सॉफ्टवेअर कुठून आणायचं, त्याला कुठे ठिगळ लावायचं, कसं बांधायचं याची कृती. आज अशी 30,000 हून अधिक फोल्डरं आहेत. त्यांतल्या एकात शिरून 'मेक इन्स्टॉल' म्हटलं की यंत्र कामाला लागतं. म्हणजे लागलं असतं, पण आधी पडद्यावर एक निळी चौकट उघडते. डॉक्स हवेत? एक्झाम्पल्स हवेत? एनएलएस हवं? एक्स-इलेव्हन हवं? चौकटीखाली दोन बटणं असतात, ओके आणि कॅन्सल.

या चौकटीच्या मी का प्रेमात पडलो ते सांगतो. घरात मला कोणी काही विचारत नाही. शाळेत गणिताचा मास्तर होतो तोवर निदान 'सर, पाणी प्यायला जाऊ?' एवढं तरी कानावर पडायचं. निवृत्त झालो आणि तेही बंद झालं. घराला कोणता रंग दिला हे मला रंगाला हात लागला तेव्हा कळलं. अशा माणसाला एक यंत्र अदबीनं थांबून विचारतं की, साहेब, कागदपत्रं बांधू का, नमुने ठेवू का, आणि उत्तर येईपर्यंत जागचं हलत नाही. मग तो माणूस तयार पॅकेज कशाला घेईल?

अडचण एकच होती. चौकटीतल्या प्रत्येक पर्यायाआधी कंस असतो. कंसात फुली असली तर तो पर्याय हवा, आणि कंस रिकामा असला तर नको. मी आयुष्यभर चुकलेल्या उत्तरावर फुली मारत आलो. तालुक्यातली एक पिढी माझ्या लाल फुल्या बघून रडलेली आहे. आता हव्या असलेल्या गोष्टीवर फुली मारायला हात धजेना. प्रत्येक पर्यायापाशी मी थबकायचो आणि मनात घोकायचो, 'फुली म्हणजे होय, फुली म्हणजे होय.' सौ. एकदा मागून येऊन ऐकून गेली. त्या दिवसापासून ती शेजारी माझ्याविषयी दबक्या आवाजात बोलते.

तर ही चौकट एकदाच उघडते असा माझा समज होता. एक मोठं पोर्ट लावलं, पहिल्या चौकटीला उत्तरं दिली, अक्षरांचा धबधबा सुरू झालेला डोळे भरून पाहिला आणि रात्री निर्धास्त झोपलो. सकाळी चूळ भरून येतो तर पडद्यावर निळी चौकट. मी अंथरुणाला पाठ टेकल्यावर चार मिनिटांतच यंत्राला प्रश्न पडला होता, 'उदाहरणं हवीत का?' आणि ते बिचारं रात्रभर माझ्या होकाराची वाट पाहत तिथंच उभं होतं. एवढा मान मला सासुरवाडीतही मिळालेला नाही.

सगळे प्रश्न सुरुवातीलाच उरकून घ्यायचीही आज्ञा आहे, 'मेक कॉन्फिग-रिकर्सिव्ह'. ती दिल्यावर पोर्ट्समध्ये नातीगोती किती गुंतलेली आहेत ते कळलं. आपल्याकडे लग्नाचं चूलबंद आवतण असतं, म्हणजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही आणि लेकराबाळांपासून गड्यापर्यंत सगळे जेवायला येणार. पोर्ट्समधलं प्रत्येक आवतण चूलबंदच. मी बोलावलं एकट्या फायरफॉक्सला. त्यानं एलएलव्हीएम आणला, नोड आणला, रस्ट आणला, पायथन आणला. पायथननं आपली माणसं आणली. दाराशी आलेला प्रत्येक जण आपापली निळी चौकट घेऊन आला आणि मला वेगवेगळं विचारू लागला. त्यातला रस्ट तर कहर. रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला आहे, त्यामुळे रस्ट बांधायला आधी रस्ट लागतो. ही अट ऐकून माझ्यातला गणित शिक्षक दोन दिवस जेवला नाही. आधीच्या आवृत्तीचा तयार रस्ट उतरवून त्यावर नवा बांधतात असं पुढे कळलं. म्हणजे 'सगळं घरीच बांधणार' या प्रतिज्ञेच्या मुळाशी बाजारातलं एक आयतं पुडकं होतंच.

प्रश्न संपले की 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट यंत्राची तपासणी करते. 1991 साली डेव्हिड मॅकेंझी यांनी ऑटोकॉन्फ लिहिलं, तेव्हापासून या स्क्रिप्टा आपोआप तयार होतात आणि हजारो ओळींच्या असतात. ग्नूचं 'हॅलो' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. त्याचं एकमेव काम 'हॅलो, वर्ल्ड' म्हणणं. त्यालासुद्धा अशी हजारो ओळींची स्क्रिप्ट आहे. आमच्या गावचे सरपंच भाषणात 'नमस्कार' म्हणण्याआधी जेवढं बोलतात, त्याहून हे जास्त आहे.

तपासणीत एक ओळ येते : 'चेकिंग व्हेदर बिल्ड एन्व्हायर्नमेंट इज सेन... येस.' इथलं वातावरण ठिकाणावर आहे का? हो, आहे. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देतोय, कूलरची मोटर आचके देतेय, सौ. 'त्या डबड्याला आता उन्हात नेऊन ठेवा' म्हणतेय, आणि पडद्यावर शांतपणे 'येस'. ही ओळ आली की मी सौ.ला हाक मारून दाखवतो. ती म्हणते, "त्यानं आपल्यापुरतं सांगितलंय. तुमचं काही विचारलेलं दिसत नाही."

जुन्या स्क्रिप्टा तर गावातल्या म्हाताऱ्यांच्या चौकश्या करतात. प्रोग्राम साधा सी भाषेतला, तरी फोरट्रानचा कंपायलर शोधत बसतात. जी-सेव्हंटीसेव्हन आहे? नाही. एफ-सेव्हंटीसेव्हन आहे? नाही. एक्सएलएफ आहे? नाही. एकही सापडत नाही, कुणाला खंत वाटत नाही, आणि काम पुढे चालू राहतं. ही तपासणी अनेक वर्षं लाखो यंत्रांवर अशीच होत राहिली, कारण ती काढून टाकायचं धाडस कोण करणार?

खुद्द 'मेक'चीही तीच गोष्ट. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली ते लिहिलं. त्याच्या फाइलीत आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते, मोकळ्या जागा सोडून चालत नाही. दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसतं, पण यंत्र रुसून बसतं. हे गैरसोयीचं आहे हे फेल्डमन यांच्या थोड्याच दिवसांत लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, ते वापरायला लागले होते. त्यांना त्रास नको म्हणून त्यांनी तसंच राहू दिलं. त्या डझनभरांची गैरसोय टळली आणि त्यानंतरचं अख्खं जग टॅब मोजत बसलं.

असा माझा संसार सुखात चालला असताना धुळ्याहून मावसा आले.

मावसा एस.टी.नं पारोळा-एरंडोल करत भर दुपारी दारात उभे राहिले. हातात एक चुरगळलेला कागद. सातबाऱ्यावर त्यांच्या नावात चूक होती, ती दुरुस्त करण्यासाठी एका कचेरीत द्यायचा अर्ज टाइप करून हवा होता. एक पान. "तुनाकडे कॉम्प्युटर शे ना?" एवढ्या भरवशावर माणूस धुळ्याहून जळगावला आला होता. धुळ्यात गल्लीगल्लीत टाइपवाले असताना नातेवाइकाकडे फुकट होईल म्हणून एस.टी.चं तिकीट काढणारी ही पिढी.

त्यांनी आधी घर न्याहाळलं. कूलरचं तोंड माझ्या संगणकाकडे होतं.

"याले बी कूलर लागस?"

"लागतो मावसा. कंपाइल करताना तापतो."

"आनि माणूस?"

सौ.नं कूलर तत्काळ मावसांकडे फिरवला. थोड्याच वेळात यंत्र तापलं आणि आपणहून बंद पडलं. मी हळूच कूलर परत फिरवला, तेव्हा मावसा तापले. शेवटी तोडगा निघाला की मावसांनी संगणकाच्या शेजारी बसायचं, म्हणजे एका हवेत दोघं निवतील. सौ. म्हणाली, "हे सगळं हिवाळ्यात करा ना. त्याच्या पाठीवर भरिताची वांगी तरी भाजून होतील." मी तिला गंभीरपणे सांगितलं की, जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ती काड्यांच्या जाळावर भाजायची असतात.

तापमानावरून आठवलं. काही यंत्रं आपली धोक्याची मर्यादा भलतीच सांगतात, कधी कधी तर शून्याच्याही कितीतरी खाली. तेव्हा फ्रीबीएसडी सुरू होताना एक ओळ लिहितं : 'व्हॅल्यू इज ॲब्सर्ड, इग्नोर्ड.' सांगितलेली किंमत हास्यास्पद आहे, दुर्लक्ष केलं आहे. ही ओळ मी कौतुकानं सौ.ला समजावून सांगितली. ती म्हणाली, "हे मला मोठ्या अक्षरात छापून द्या. फ्रिजवर लावते. तुम्ही बोललात की बोट दाखवीन."

मावसा शेजारी बसले आणि निळी चौकट उघडली. अर्ज टाइप करायला एडिटर हवा, म्हणून मी ईमॅक्स बांधायला घेतला होता.

"हाई काय शे?"

"यंत्र विचारतंय, डॉक्स हवेत का. म्हणजे माहितीची कागदपत्रं."

"पैसा पडतस का?"

"नाही, फुकट."

"मंग ऱ्हाऊ दे. कामले यी."

त्यानंतर मावसांनी एकही पर्याय सोडला नाही. आवाज हवा? ऱ्हाऊ दे. चित्रांचे झाडून सगळे प्रकार हवेत? ऱ्हाऊ दे. जे फुकट आहे ते नाकारणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. एनएलएसपाशी मात्र ते सावरून बसले. आपापल्या भाषेतून संदेश दाखवायची ती सोय आहे, असं मी सांगितलं होतं.

"अहिराणी शे का?"

"नाही मावसा. पोर्ट्समध्ये जपानी, हिब्रू, हंगेरियन, व्हिएतनामी यांचे स्वतंत्र विभाग आहेत. मराठीचासुद्धा नाही."

मावसांनी त्या चौकटीकडे, लग्नात मानपान चुकलेला माणूस बघतो, तसं पाहिलं.

पुढचा पर्याय आला हार्फबझ. कंसात आधीच फुली होती. मी समजावून सांगितलं की देवनागरीची जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जागच्या जागी बसवायचं काम हे करतं, ते फार महत्त्वाचं.

"म्हनजे हाई बरोबर शे?"

"अगदी बरोबर."

"मंग बरोबरवर फुली कसाले? तू मास्तर ना? काढ ती फुली."

एका मास्तराला दुसरं काय हवं असतं? वडीलधाऱ्यांचा शब्द आणि माझी हयात एका बाजूला, यंत्राचा संकेत दुसऱ्या बाजूला. स्पेसबार कुणी दाबला यावर आमच्यात आजही मतभेद आहेत, पण फुली गेली.

आणखी एका चौकटीत छपाईचा पर्याय होता, कप्स. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रांवर छापायचं काम बहुतेक ठिकाणी हीच व्यवस्था करते. मावसांना नीट ऐकू यावं म्हणून मी मोठ्यानं वाचलं, "कप्स?"

आतून सौ. ओरडली, "काढलेत, काढलेत! सहा पुरेत ना?"

मावसा म्हणाले, "ती म्हनी राहिनी ना, काढ म्हनीसन."

घरातल्या बाईचा शब्द तर कोणीच मोडत नाही.

यंत्र बांधू लागलं आणि मावसा रमले. अक्षरं सरसर वर जात होती. त्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि मलाही फारसं नाही, पण काहीतरी मोठं काम चाललंय आणि त्याला आपली संमती आहे, हे समाधान दोघांच्याही तोंडावर होतं. मधे लाइट गेली. मावसा माझ्याहून जास्त हळहळले. "अरेरे, कितलं व्हई जायेल व्हतं!" लाइट आल्यावर पुन्हा सुरू. रात्री यंत्रापाशी कुणी थांबायचं याच्या त्यांनी पाळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी निघणारा माणूस जायचं नावच काढेना.

यथावकाश ईमॅक्स उभा राहिला. मी अर्ज टाइप केला. 'विषय : सातबारा उताऱ्यावरील नावाची दुरुस्ती.' पडद्यावर 'दुरुस्ती'तला स एकीकडे, त दुसरीकडे, आणि त्यांच्यामधे पाय मोडल्याची खूण लोंबकळत होती. मोडायला या अर्जात दुसरा शब्दच नव्हता. खुद्द मावसांच्या नावात एक जोडाक्षर आहे. सातबाऱ्यावर ते जसं चुकलं होतं, त्याहून ते इथं जास्त चुकलं.

मावसांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले की धुळ्यातल्या समर्थ वाग्देवता मंदिरात खुद्द रामदासांनी हातानं लिहून काढलेलं वाल्मीकी रामायण आहे. तीनशेहून जास्त वर्षं झाली, एक जोडाक्षर सुटलेलं नाही, आणि वाचायला काही बांधावंही लागत नाही. धुळेकर माणसाला वादात रामदास आणि राजवाडे असे दोन हुकमी पत्ते जन्मतःच मिळालेले असतात. मी गप्प बसलो.

हार्फबझ परत घालून पुन्हा बांधलं. जोडाक्षरं जुळली, मावसांचं नाव साजरं दिसू लागलं, आणि मी समारंभपूर्वक छापायची आज्ञा दिली. प्रिंटरनं दिवासुद्धा लुकलुकवला नाही. त्याच वेळी सौ. चहा घेऊन आली. ट्रेमध्ये कप सहाच्या सहा होते.

मी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो आयटीत आहे आणि माझ्याशी बोलताना घाईत असतो.

"मामा, पॅकेज का नाही घेत तयार? 'पीकेजी इन्स्टॉल' म्हणायचं. 2014 पासून तेच चालतं. दोन मिनिटांत होतं."

"पण त्यात ते विचारत नाही काही."

"तेच तर चांगलं आहे ना! बरं, बांधायचंच असेल तर बॅच इज इक्वल टू येस द्या. मग ते एकही प्रश्न विचारत नाही. जे आधीपासून ठरलेलं असेल तेच घेतं आणि गुपचूप काम उरकतं."

फोन स्पीकरवर होता. सौ.नं कप विसळता विसळता मान वर केली. "यात नवीन काय? आपल्या घरात लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हेच चालू आहे."

भाच्यानं धीर द्यायला म्हणून लिनक्सच्या गोतावळ्यातल्या जेंटूची माहिती दिली. तिची पहिली आवृत्ती 2002 ची. तिथे तर 'यूज फ्लॅग' म्हणून पर्यायांचा अख्खा बाजार भरतो, आणि तिथले लोकही आपापली यंत्रं घरीच बांधत बसतात. पाण्यात सगळ्यात वेगानं पोहणाऱ्या पेंग्विनचं नाव तिला दिलेलं आहे. मला बरं वाटलं. विनोदबुद्धी शाबूत असलेली माणसं या धंद्यात आणखीही आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत मावसा बाहेर पडले. अर्ध्या तासात परत आले ते टाइप केलेला अर्ज, तीन प्रती आणि ताकाची पिशवी घेऊन. कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं करून दिला होता. जोडाक्षरं एकेक रेखीव.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय म्हनी? नाव इचारं, पैसा लिधात, कागद दिधा." मावसा जरा नाराजच दिसले. "त्यानी माले दुसरं काहीच इचारं नही."

दुपारच्या गाडीला त्यांना बसवायला मी स्टँडवर गेलो. खिडकीतून त्यांनी मला जवळ बोलावलं. धुळ्यात दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, घर भरलेलं आहे. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माले बी एक असंच घी दे. लिखानं-छापानं त्यामा काही नको. ती नियी चौकट तेवढी ऱ्हाऊ दे."